अर्थिंगचे खड्डे तीन, पण जोडलेले हवेत

माननीय संपादक,
स. न.

फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि आमच्या धाराशिवातही गच्च्यांवर सौर पॅनेल दिसू लागले. तीन किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान मिळते, बिल कमी येते, लोक खूश आहेत. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवला. निवृत्त झालो तरी ओळखीचे लोक ‘सर, एकदा नजर टाकून जा’ म्हणून बोलावतात. तिथे एक चूक सारखी दिसते आणि ती जिवावर बेतणारी आहे.

घराच्या कडेला अर्थिंगचे, म्हणजे नको असलेली वीज जमिनीत उतरवायचे, तीन खड्डे असतात. एक डीसीचा (पॅनेलच्या बाजूचा), एक एसीचा (घराच्या बाजूचा), एक लायटनिंग अरेस्टरचा, म्हणजे गच्चीवरच्या वीजरोधकाचा. झाकणे बसवलेली, रंगाने नावे घातलेली, फोटोही काढलेले. पण तिघांचा एकमेकांशी संबंध नसतो. विचारले तर काम करणारी पोरे, त्यातली काही माझ्याच हाताखाली शिकलेली, ठामपणे सांगतात, ‘सर, वेगवेगळे ठेवायचे असाच नियम आहे.’

नियम तसा नाही. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या तांत्रिक निकषांत अर्थिंगचा रेझिस्टन्स 5 ओहमच्या वर जाऊ नये असे आहे. त्याला लागूनच, सगळे अर्थिंग एकमेकांना जोडून समान पोटेन्शियलवर (एकाच व्होल्टेजवर) आणावेत, असेही आहे. आपल्याकडे पहिले वाक्य पाळले जाते आणि दुसरे वाचलेच जात नाही.

त्यामागची भीती मला समजते. अरेस्टरचा खड्डा घराच्या अर्थिंगला जोडला तर आकाशातली वीज घरात शिरेल, असे लोकांना वाटते. पण हिशेब करून पाहा. 20 हजार अँपिअरची वीज 5 ओहमच्या खड्ड्यात उतरली, तर त्या क्षणी तो खड्डा एक लाख व्होल्टवर जातो. शेजारचा एसीचा खड्डा मात्र जवळपास शून्यावरच राहतो. हा फरक कुठेतरी उडी घेणारच, आणि सोपी जागा म्हणजे इन्व्हर्टर, पॅनेलच्या डीसीचे घरच्या एसीत रूपांतर करणारे यंत्र. कारण पॅनेलच्या फ्रेमची हिरवी अर्थ वायर आणि घराची अर्थ, दोन्ही त्याच्या बॉडीपाशी जवळ येतात. म्हणजे खड्डे तुटक ठेवले तरी गाठ पडतेच, फक्त ती बारीक वायरीतून आणि महागड्या यंत्रातून पडते. त्यापेक्षा खाली जमिनीत 25×3 मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी टाकून तिन्ही खड्डे जोडले, तर सगळे एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात. अरेस्टरची पट्टी मात्र भिंतीच्या बाहेरून सरळ खाली आणावी. ती डीसी केबलच्या पाइपातून किंवा तिला खेटून आणलेली मी पाहिली आहे, ते चूक आहे.

‘डीसी अर्थिंग’ या नावानेही घोळ होतो. हल्लीच्या बिनट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरला पॅनेलची प्लस किंवा मायनस वायर अर्थ करायची नसते. अर्थ करायची ती फ्रेम, स्ट्रक्चर (पॅनेलचा सांगाडा) आणि सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजचा झटका अडवणारे साधन). फ्रेमलाही नुसती वायर गुंडाळून भागत नाही. अ‍ॅल्युमिनियमवरच्या अ‍ॅनोडायझिंगच्या थरातून वीज वाहत नाही. फ्रेमवर अर्थची खूण असलेले भोक असते, तिथे दातेरी वॉशर घालून, थर ओरखडून घट्ट आवळावे लागते. तांब्याची उघडी लग (वायरच्या टोकाची टोपी) अ‍ॅल्युमिनियमवर बसवली तर दोन-तीन पावसाळ्यांत सांधा खाल्ला जातो. टिन केलेली, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेली, लग घ्यावी.

गेल्या पावसाळ्यात एका शिक्षकांकडे इन्व्हर्टर रोज सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ (डीसी वायरीतून अर्थकडे गळती) दाखवून बंद पडायचा. बसवणाऱ्यांच्या माणसाने येऊन स्ट्रक्चरची हिरवी वायर सोडली. इन्व्हर्टर सुरू झाला, तक्रार मिटली! मी गच्चीवर जाऊन पाहिले तर एका क्लॅम्पखाली केबल चेपून तिचे इन्सुलेशन फाटले होते आणि ओल्या फ्रेमला गळती होत होती. इन्व्हर्टर बरोबर ओरडत होता, त्याचे तोंडच बंद केले गेले. वायर सुटल्याने ती गळती जमिनीत न जाता फ्रेमवरच राहिली. सहा पॅनेल ओळीने जोडले की ऊन असेपर्यंत जवळपास 300 व्होल्ट डीसी असते, मेन स्विच पाडून पॅनेलमधले ते जात नाही. त्यांच्या मातोश्री दर रविवारी पाइप लावून ते पॅनेल धुतात. मी गच्चीवर गेलो त्या दिवशी शुक्रवार होता.

तपासणी करणाऱ्यांना माझी विनंती आहे. झाकणांच्या फोटोवर सही करू नका. पॅनेलची फ्रेम आणि घराची मुख्य अर्थ पट्टी यांच्यामध्ये मीटर लावा. नीट जोडलेले असेल तर तो एक ओहमच्या आत दाखवतो. तुटक खड्ड्यांना मे महिन्यात मी 38 ओहम पाहिले आहेत. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि खाली लगेच खडक. अर्थिंग कोरड्या हंगामात, कोरड्या दिवशी तपासायचे असते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून घेतलेला आकडा प्रमाणपत्रावर चढवू नका, आणि फ्रेम ते अर्थ पट्टी या मोजणीसाठी त्याच प्रमाणपत्रात एक रकाना घाला.

आपला,
निवृत्त वायरमन निदेशक, धाराशिव