ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांची तक्रार आणि पुण्याचे मौन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर प्रीमियर लीगला, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीला, भरपूर जागा मिळते. मँचेस्टरमधील एखाद्या खेळाडूचा स्नायू दुखावला तरी त्याची चौकट छापून येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ती पाने मीही आवडीने वाचतो. मात्र ज्या इंग्लिश क्लबचे मोठे निर्णय पुण्यात होतात, त्या ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या पाठीराख्यांचा आपल्या मालकांवरचा विश्वास गेल्या दीड दशकात कसा उडत गेला, याविषयी मराठी वृत्तपत्रांत क्वचितच काही वाचायला मिळते. तेथील रागाचे स्वरूप येथे समजून घेतले जात नाही, असे मला वाटते. म्हणून हे पत्र.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधील जेमतेम सव्वा लाख वस्तीचे जुने गिरणगाव. तेथील क्लबची स्थापना 1875 ची, आणि 1888 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीग ज्या बारा क्लबांनी सुरू केली त्यांत तो होता. पुढे पोलादाच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या जॅक वॉकर या गावच्याच माणसाने क्लब हाती घेतला, केनी डॅलग्लिश यांना व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) म्हणून आणले, ॲलन शिअरर या आघाडीपटूला करारबद्ध केले आणि 1995 मध्ये मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीगचे विजेतेपद पटकावले. म्हणजे श्रीमंत मालकाशी या पाठीराख्यांचे मुळात काही वाकडे नाही. वॉकर 2000 साली वारले. आजही त्यांचे नाव तेथे आदराने घेतले जाते.

नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज या कुक्कुटपालन समूहाने सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना हा क्लब विकत घेतला आणि वर त्याचे कर्जही पत्करले. त्याआधीच्या हंगामात संघ प्रीमियर लीगमध्ये दहावा आला होता. सुरुवातीला रोनाल्डिन्होला आणण्याच्या गोष्टी झाल्या, आणि प्रत्यक्षात महिना व्हायच्या आत, संघ तेराव्या स्थानावर असताना, सॅम ॲलर्डाइस या मुरब्बी व्यवस्थापकाला घरी पाठवण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीन यांना कोणत्याही संघाचे मुख्य व्यवस्थापक म्हणून काम केल्याचा अनुभव नव्हता. याच सुमारास रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडीच्या तंगड्या चघळत आहेत, अशी एक जाहिरात इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर झळकली. येथे आपण ती पाहून हसलो असतो. तेथे ज्यांचे आजोबा-पणजोबा त्याच स्टँडमध्ये उभे राहिले होते, त्यांना आपला क्लब मालाच्या खपासाठी घेतलेला जाहिरातीचा फलक वाटू लागला, यात नवल नाही. 7 मे 2012 रोजी ईवूड पार्क या आपल्याच मैदानावर विगनकडून 0-1 अशी हार पत्करून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर फेकले गेले. त्या सामन्यात कोणीतरी क्लबचे निशाण पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली होती. जगभर ते दृश्य गंमत म्हणून दाखवले गेले. त्या गावाच्या दृष्टीने ती गंमत नव्हती.

पुढचा हंगाम तर हास्यास्पदच झाला. सल्लागार म्हणून मलेशियातील एका दूरचित्रवाणी समालोचकाला आणले गेले. कीन सप्टेंबरमध्ये गेले, त्यांच्या जागी आलेले हेनिंग बर्ग 57 दिवसांत गेले, मायकेल ॲपल्टन 67 दिवसांत गेले. बर्ग यांना करारभंगापोटी 22 लाख 50 हजार पौंड द्यावेत, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. एवढ्या रकमेत एखादा बरा बचावपटू आला असता. 2017 मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या एखाद्या क्लबवर अशी पाळी येण्याची ती पहिलीच वेळ होती. टोनी मोब्रे यांनी वर्षभरात संघाला पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आणले खरे, पण तेव्हापासून तो तेथेच आहे.

येथे मालकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती न मांडता केलेली टीका अप्रामाणिक ठरेल. वेंकीजच्या मालक राव-देसाई कुटुंबाने या क्लबमध्ये आजवर 20 कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली आहे आणि त्यातून त्यांना कसलाही नफा झालेला नाही. शेजारच्या बरी या क्लबला आर्थिक दुरवस्थेपायी 2019 मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आले; ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही, याचे श्रेय पुण्यातून जाणाऱ्या पैशाला द्यावेच लागेल. मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये क्लब घेताना खरेदीचे कर्ज क्लबच्याच माथी मारले. वेंकीजने तसे केलेले नाही. मग पाठीराख्यांना आणखी काय हवे आहे, असे आपल्याकडचे लोक विचारतात. काही जण तर याला परकीयांविषयीचा आकस म्हणून मोकळे होतात, आणि माझा मतभेद नेमका येथे आहे.

परकेपणा हा मुद्दा असता, तर लेस्टरमध्ये वेगळे घडायला नको होते. थायलंडचे उद्योगपती विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी 2010 मध्येच लेस्टर सिटी घेतला, आणि तो क्लब त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत होता. ते सामन्यांना येत, लोकांत मिसळत, वाढदिवसाला प्रेक्षकांना बिअर पाजत. 2016 मध्ये संघ विजेता झाला, हे खरेच. पण 2018 मध्ये मैदानाबाहेरच हेलिकॉप्टर कोसळून त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा हजारो लोक स्टेडियमपाशी फुले ठेवायला लोटले, ते काही केवळ चषकासाठी नव्हे. उलट कार्डिफमध्ये मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी 2012 मध्ये संघाचा पिढ्यानपिढ्यांचा निळा पोशाख बदलून लाल केला, आणि संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचूनही लोकांनी तो बदल स्वीकारला नाही. 2015 मध्ये निळा रंग परत आणावा लागला. दोघेही परके, दोघेही श्रीमंत. फरक होता तो गावाची नाडी ओळखण्याचा.

ब्लॅकबर्नमध्ये मालक दिसत नाहीत आणि बोलतही नाहीत, ही खरी तक्रार आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे सोडली, तर कुटुंबातील कोणी ईवूड पार्कवर दिसल्याचे तेथील नियमित प्रेक्षकांना आठवत नाही. व्यवस्थापकांनी पुण्याला यायचे, बैठक करायची, परत जायचे, आणि त्या बैठकीत काय ठरले हे गावाला पुढच्या विक्रीवरून कळायचे, अशी ही रीत आहे. 2016 मध्ये पाठीराख्यांनी अठराव्या मिनिटाला स्टेडियममध्ये शिरून पंचाहत्तराव्या मिनिटाला बाहेर पडण्याचे आंदोलन केले. 1875 हे स्थापनेचे वर्ष त्यांनी असे घड्याळावर मांडले. इतक्या सभ्य आणि कल्पक निषेधाची मालकांकडून साधी पोचही मिळू नये, याचे मला वैषम्य वाटते.

मालक दूर असले की कारभार कसा ढिला पडतो, याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. जानेवारी 2023 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन हा खेळाडू येणार होता. कागदपत्रे वेळेत दाखल झाली नाहीत म्हणून करार बारगळला. एवढे झाल्यावर कोणीही पुढच्या वेळी दहादा तपासून घेतले असते. पण बरोबर एका वर्षाने अमेरिकेहून डंकन मॅग्वायर हा आघाडीपटू आला आणि पुन्हा कागदपत्रांतील चुकीमुळे त्याची नोंदणी झाली नाही. आपल्याकडे तलाठी कार्यालयातही लोक यावरून आवाज चढवतील. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या याच मुदतीत ॲडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला मुलगा सुमारे 1 कोटी 80 लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, आणि त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात त्याची निवड झाली. क्लब छोटा असला की चांगला खेळाडू जातोच, हे पाठीराख्यांनाही कळते. पण लगेच पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला, 27 गोल करून दुसऱ्या श्रेणीचा सर्वाधिक गोल करणारा ठरलेला सॅमी स्मोडिक्सही विकला गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये संघ बढतीच्या शर्यतीत असताना व्यवस्थापक जॉन युस्टेस यांनी तळाशी झगडणाऱ्या डर्बीची वाट धरली. वर जाऊ शकणारा संघ सोडून खाली जाऊ पाहणाऱ्या संघाकडे शहाणा माणूस का जातो, याचे उत्तर प्रत्येक पाठीराख्याला ठाऊक होते. आणि काही महिन्यांतच, आवश्यक निकष पूर्ण करण्याएवढा खर्च करण्याऐवजी, महिला संघाला दुसऱ्या श्रेणीतून मागे घेण्यात आले. माझ्या मते या साऱ्या कहाणीतील हा सर्वांत लाजिरवाणा निर्णय आहे. क्लबच्या एकूण खर्चापुढे ती रक्कम किरकोळच होती.

अलीकडच्या काळात भारतातून इंग्लंडला पैसा पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि बँक हमीच्या अटी पाळाव्या लागल्या. त्या प्रकरणाच्या गुणदोषांत मी शिरत नाही, तो न्यायालयाचा विषय आहे. परंतु आपला क्लब पुढच्या महिन्याचे पगार कशातून देणार, हे समजण्यासाठी लँकेशायरमधील एखाद्या निवृत्त कामगाराने दिल्लीतील तारखांवर डोळा ठेवून बसावे, ही अवस्था मालकांनी एका निवेदनाने सुसह्य केली असती.

मला अधिक खटकते ते आणखी एका कारणाने. या समूहाचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांनी 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. अंड्याचा भाव व्यापारी आणि दलाल ठरवत होते, उत्पादकाला त्यात आवाज नव्हता. राव गावोगाव फिरले, कुक्कुटपालकांच्या बैठका घेतल्या, आणि आपल्या मालाचा भाव आपणच जाहीर करायचा, हे त्यांना पटवून दिले. आज वृत्तपत्रांत आपण अंड्याचा जो दर वाचतो, त्यामागे ही चळवळ आहे. ज्याचे पोट एखाद्या गोष्टीवर आहे त्याला तिच्याविषयी बोलण्याचा हक्क आहे, हे तत्त्व ज्या घराने देशाला शिकवले, त्या घराने ब्लॅकबर्नच्या लोकांशी अबोला धरावा, हे डॉ. रावांच्या कार्याविषयी आदर असणाऱ्या माझ्यासारख्याला समजत नाही.

ब्लॅकबर्नचे आणि आपले नाते कोंबड्यांपेक्षा जुने आहे. तेथील गिरण्यांत भारतात खपणारी धोतरे विणली जात. मंदीने आणि आपल्या बहिष्काराने ते काम गेले, तेव्हा सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी शेजारच्या डार्वेनला गेले आणि बेकार कामगारांसमोर बसले. बहिष्कार मागे घेण्याचे आश्वासन त्यांनी दिले नाही. पण म्हणणे ऐकून घेतले आणि आपले सांगितले. गिरणीतील बायका त्यांच्याभोवती हसतमुखाने उभ्या असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

ब्रिटनच्या संसदेने जुलै 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा नवा कायदा केला असून त्यानुसार स्वतंत्र नियामक नेमला गेला आहे. मालकांची पात्रता तपासणे, आर्थिक आराखडा मागणे आणि पाठीराख्यांशी सल्लामसलत करायला लावणे, हे त्याच्या अधिकारात येते. म्हणजे आज जे आपणहून करता येईल, ते उद्या सक्तीने करावे लागेल. मालकांनी हंगामातून एकदा तरी कुटुंबातील व्यक्तीच्या उपस्थितीत ईवूड पार्कवर खुली सभा घ्यावी, पाठीराख्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी संचालक मंडळात घ्यावा आणि क्लब विकायचा आहे की नाही, हे एकदा स्पष्ट सांगावे. यात पैशाची फारशी तोशीस नाही.

आपल्याला विनंती अशी, की ब्रिटिश पत्रकारांना ज्यांची मुलाखत मिळणे दुरापास्त झाले आहे, ते मालक आपल्या पुणे आवृत्तीच्या वार्ताहरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. त्याने जाऊन वरील तीन गोष्टी त्यांना विचाराव्यात. उत्तर मिळाले तर ते क्रीडा पानावर छापावे, आणि भेट नाकारली गेली तर तेही छापावे.

आपला नम्र,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, पुणे