किल्टची बंदी आणि महाडची लुगडी

एडिनबरा

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मी पाठवलेला लग्नातला फोटो पाहून तुम्ही लिहिलेत की, पुरुषांनी असा चौकटीचा घागरा मिरवावा ही निव्वळ हौस, त्यात राजकारण कसले? पण या किल्टपायी इथे माणसे तुरुंगात जात असत.

एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांच्या, बंडाचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने स्कॉटलंडमधील पुरुषांना व मुलांना हा हाइलँडचा, म्हणजे बंडाला बळ देणाऱ्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाचा, पोशाख घालण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने तुरुंगवास, दुसऱ्यांदा सापडल्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. मला या कायद्यातली सर्वांत बोलकी वाटते ती त्यातली सवलत : राजाच्या सैन्यातील अधिकाऱ्यांना आणि शिपायांना हाच पोशाख घालण्याची मुभा होती. म्हणजे शेतकऱ्याच्या अंगावर जे कापड राजद्रोह ठरे, तेच पलटणीत गणवेश म्हणून चाले; तो कोणाच्या हुकमाने घातला आहे, एवढेच सरकार पाहत होते. (बायकांना बंदी नव्हती, त्यांच्याकडून धोका संभवतो, असे कायदा करणाऱ्यांना बहुधा वाटलेच नसावे.) १७८२ मध्ये कायदा रद्द झाला आणि पुढे १८२२ मध्ये चौथा जॉर्ज या शहरात आला, तेव्हा बंडाची धास्ती उरली नसल्याने राजाने स्वतःच किल्ट चढवला.

आपल्याकडे गावोगाव जातीचे असे नियम लेखी कायद्यावाचूनही चालत. लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कोणते दागिने असावेत, हे गावाने ठरवलेले असे, आणि त्यावरून बाई कोणत्या जातीची हे लांबूनच ओळखू येई. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत, जिथे मनुस्मृती जाळली गेली, तिथेच डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना, अस्पृश्यतेची खूण ठरलेली ही नेसण्याची पद्धत सोडून स्पृश्य बायकांप्रमाणे लुगडी नेसण्यास सांगितले. मनुस्मृतीच्या दहनाची आठवण दरवर्षी निघते. हे भाषण मात्र बायकांना केलेला किरकोळ उपदेश समजून लोक बाजूला ठेवतात, आणि ते मला पटत नाही. ग्रंथ एकदा सर्वांच्या साक्षीने जाळता येतो, पण बदललेले नेसणे घेऊन त्या बायकांना रोज त्याच गावातून, त्याच लोकांच्या नजरेसमोरून जावे लागणार होते.

ती. आईस सा. न., धाकट्यास आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक मुलगा