नंदूला, त्या रेताड पट्टीबद्दल

प्रिय नंदू,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. दिवसभर ऊन खाणाऱ्या त्या रेताड पट्टीवर "इथे काही जगतच नाही" असा शिक्का मारून मोकळा झालास! तू लावलेल्यांची यादी वाचली. सगळी तहानलेली मंडळी. त्यात त्या बिचाऱ्या जमिनीचा काय दोष?

एक कबुली देतो. माझं पहिलं लव्हेंडर मी पाणी घालून घालून मारलं. खालची पानं सुकायला लागली तेव्हा वाटलं, तहानलंय. मग रोज संध्याकाळी झारी. आठवडाभरात मान टाकली. उपटून बघतो तर मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल निसटून हातात यायची. तहानेनं नव्हे, माझ्या मायेनं गेलं ते.

त्यानंतर मी लव्हेंडरसारख्या चंदेरी पानांच्या झाडांकडे नीट बघायला लागलो. गंमत म्हणजे तो चंदेरी रंग बहुतेकदा रंग नसतोच. पान खाली हिरवंच असतं, त्यावर बारीक लव असते. ते केस वाळलेले, आत हवा भरलेली, म्हणून प्रकाश विखुरतो आणि पान पांढुरकं दिसतं. आपल्या डोक्याचं झालंय तेच! लँब्ज इअर म्हणून कोकराच्या कानासारख्या मऊ पानांचं झाड असतं, त्याचं पान ओल्या बोटानं चोळून बघ, तेवढीच जागा हिरवी होते. ही लव ऊन परतवते आणि पानालगतची हवा अडवून ओल टिकवते. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात एन्सेलिया नावाचं झुडूप आहे. कोरड्या दिवसांत फुटणारी त्याची पानं ओलीतल्या पानांपेक्षा जास्त पांढरी असतात. आणि उलटही खरं. अशी झाडं सावलीत ठेवली, खतं घातली, की हिरवट, लुळी होतात आणि मधून फाकतात. सगळीच केसाळ नसतात म्हणा. युफोर्बियाच्या काही जातींवर मेण असतं, द्राक्षावर असतं तसं, अंगठ्यानं पुसलं जाणारं.

इंग्लंडच्या एसेक्समध्ये बेथ चॅटो नावाच्या बाईंनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला, जिथे गाड्या उभ्या राहायच्या त्या जागेवर खडीची बाग केली. पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिमी, आणि पावसाखेरीज वेगळं पाणी द्यायचं नाही असा बाणा. पण दबलेली जमीन आधी खोल फोडून घेतली होती, हे लोक सांगायला विसरतात. तूही कुदळ आधी उचल, रोपं मग आण.

लावायचं काय? लँब्ज इअर तर हवंच. त्यावर एक जातीची मधमाशी येते, वूल कार्डर, मी तिला पिंजारीण म्हणतो. पानावरची लव खरवडून तिचा गोळा करते आणि घरट्याला नेते. नर त्या वाफ्याचा मालक असल्यासारखा इतर माश्यांना हुसकावत फिरतो. माझी अर्धी सकाळ त्यात जाते. मागच्या रांगेला रशियन सेज लाव, निळसर जांभळा धूर उठल्यासारखा फुलतो. मूळचा मध्य आशियाकडचा, तेव्हा रशियन नाही. आणि सेजही नव्हता, पण 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला साल्वियात, म्हणजे सेजच्याच गटात घातलं, म्हणजे निम्मं नाव खरं ठरलं! आर्टेमिसिया, म्हणजे दवण्याची भावंडं, निव्वळ पानांसाठी लाव, फुलं नगण्य. सँटोलिनाची बटणांसारखी पिवळी फुलं मला नाही आवडत. तुला आवडतील, तुझी पिवळ्याची हौस ठाऊक आहे.

"कमी पाण्याचं झाड" या शब्दांनी फसू नकोस. पहिलं वर्ष पाणी लागतंच, मुळं खोल गेलेली नसतात ना. पण रोज घोटभर नको. एकदा आळं भरून दे आणि माती चांगली सुकू दे. वर तीन-चार सेंटिमीटर बारीक खडी पसर, खोडाशी मात्र कोरडी मोकळीक ठेव. खरी भीती दुष्काळाची नाहीच, ओल साचण्याची आहे. दमट हवेत त्या लवेतच पाणी अडकतं आणि पानं कुजतात, म्हणून रोपांत अंतर राख. तुझ्याकडची हवा फारच दमट असेल तर लव्हेंडरचा हट्ट सोड. बहर संपला की लव्हेंडर छाट, पण हिरव्या पालवीच्या खाली, जून लाकडात कात्री घालू नकोस. तिथून परत फुटत नाही. हेही मी करून चुकलोय.

पाकिटात लायक्निसचं बी आहे, करड्या पानांचं, किरमिजी फुलांचं. झाड दोन-तीन वर्षंच टिकतं, पण मागे पुष्कळ पिल्लं सोडतं. बी मातीत पुरू नकोस, वरवर भुरभुरव आणि हातानं हलकेच दाब. वहिनींना नमस्कार. झारी त्यांच्याकडेच ठेवायला दे.

तुझा,
अरुण