सलाइनमधून काय दिलं, ते रुग्णाला लिहून द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी लालबागला राहते. महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होते. हे पत्र आमच्या चाळीतल्या एका वहिनींमुळे लिहिते आहे.

जुलैमध्ये त्यांना ताप आला. गल्लीतल्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी बाटली संपता संपता त्यातून एक इंजेक्शन सोडलं आणि सुई काढून लगेच घरी पाठवलं. दुसरा जिना चढेपर्यंत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. टॅक्सीत घालून कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "काय दिलं होतं?" मुलगा म्हणाला, "पिवळं इंजेक्शन." आता सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक विरघळवलं की पिवळसर दिसतं, आणि नुसतं व्हिटॅमिन टाकलं तरी बाटली पिवळीच होते. ॲड्रिनॅलिन, म्हणजे अशा जीवघेण्या रिॲक्शनवरचं इंजेक्शन, वेळेवर मिळालं म्हणून वहिनी वाचल्या. पण त्यांना कशाची ॲलर्जी आहे, हे आजही कुणाला माहीत नाही. पुढच्या तापात पुन्हा तेच औषध लागलं तर?

सेफ्ट्रिॲक्सोनला मी नावं ठेवत नाही. टायफॉइड, मेंदूज्वर, पावसाळ्यात बळावलेला लेप्टो, यांतून त्याने बरे झालेले रुग्ण मी स्वतः घरी सोडले आहेत. पण दिवसातून एकदाच दिलं तरी चालतं, या सोयीमुळेच ते गल्लोगल्ली पोचलं. डेंग्यूवर त्याचा काही उपयोग नाही. आणि खरोखर जंतुसंसर्ग असेल, तर रक्त कल्चरला (कोणते जंतू आहेत ते उगवून पाहण्याच्या तपासणीला) पाठवण्याआधी डोस दिल्यास कल्चरमध्ये पुष्कळदा काहीच उगवत नाही. मग पुढचे डॉक्टर अंधारात चाचपडतात.

वॉर्डात आम्हाला हे इंजेक्शन घाईने देऊ देत नसत. एक ग्रॅमला दहा मिली पाणी, शिरेतून दोन ते चार मिनिटांत सावकाश, नाहीतर ड्रिपने अर्धा तास. आरएलच्या (रिंगर लॅक्टेट या सलाइनच्या) बाटलीत ते कधीच मिसळायचं नाही, कारण आरएलमध्ये कॅल्शियम असतं आणि दोघांचा साका बनतो. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असा साका साचून मृत्यू झाल्याची नोंद आहे. इतर अँटिबायोटिकांचंही तसंच: व्हँकोमायसिनचा एक ग्रॅम तासाभरापेक्षा लवकर गेला, तर चेहरा-मान लालबुंद होते, बीपी उतरतं. अमिकासिनला किडनी आणि कान सांभाळावे लागतात.

आणि ती 'टेस्ट'! इंजेक्शनआधी तेच औषध थोडंसं हातावर टोचून काही आलं नाही म्हणजे धोका टळला, असं लोक समजतात. काही दवाखानेही तसंच समजतात. टेस्ट निर्दोष येऊनही रिॲक्शन येऊ शकते. म्हणून इंजेक्शननंतर रुग्णाला निदान अर्धा तास नजरेसमोर बसवायचं आणि ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवायचं. मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते अँप्युल महाग नाही. कपाटाला कुलूप आणि किल्ली कंपाउंडरच्या घरी, असं मात्र चालत नाही.

कायदा आहे, हे मला ठाऊक आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांची यादी, लागू झालं. त्यातली औषधं विकताना केमिस्टने डॉक्टरचं, रुग्णाचं आणि औषधाचं नाव रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. सेफ्ट्रिॲक्सोन त्याच यादीत आहे. पण डॉक्टरांनी स्वतःच्या कपाटातली व्हायल फोडून बाटलीत सोडली, तर रुग्णाचं नाव केमिस्टच्या रजिस्टरात येणार कसं? वहिनींच्या घरात ना चिठ्ठी होती, ना बिल.

मंत्रिमहोदय, माझं मागणं एवढंच आहे. दवाखाना कितीही लहान असो, शिरेतून अँटिबायोटिक दिलं की औषधाचं नाव, मात्रा, कशात मिसळलं आणि किती वाजता दिलं, हे रुग्णाच्या हातात मराठीत लिहून देणं सक्तीचं करा. त्याच चिठ्ठीच्या तळाशी १८००-१८०-३०२४ हा क्रमांक छापा. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार रुग्णाला किंवा नातेवाइकांना स्वतः तिथे करता येते, पण आमच्या चाळीत हे एकालाही माहीत नव्हतं. आणि जिथे ॲड्रिनॅलिन नाही, तिथे अशी बाटली लावायला परवानगी देऊ नका.

चिठ्ठीचा नमुना करायला मदत लागली, तर मी यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई