शनिवारी येणाऱ्या माणसाला परत पाठवू नका

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. येत्या शनिवारी सकाळी ड्राइव्हवेच्या भेगा बुजवायला माणूस येतोय. पैसे मी भरलेत. परत मिळणार नाहीत, तेव्हा मोडता घालू नका.

बाबा, इतकी वर्षं हे सगळं तुम्हीच केलंत, मला माहीत आहे. पण मागच्या हिवाळ्यात तुम्ही घसरलात आणि आईने मला ते आठ दिवसांनी सांगितलं. ते आठ दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

मी आले होते तेव्हा पाहून ठेवलंय. गॅरेजपासून निघालेली भेग आता जवळजवळ अर्धा इंच रुंद झालीय. तुम्ही सीलरचा डबा आणून ठेवलाय तोही पाहिला. पण सीलर म्हणजे नुसता वरचा लेप, भेग भरायला त्याचा उपयोग नाही. शिवाय दोनच वर्षांपूर्वी तुम्ही तो लावलात. थरावर थर चढवत गेलं की तोच सोलपटून निघतो. खरा घात पाणी करतं. ते भेगेतून खाली मुरतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि डांबराला आतून रेटतं. मग वितळतं, आणखी खोल जातं, पुन्हा गोठतं. एका हिवाळ्यात असं कितीतरी वेळा होतं आणि वसंतात तिथे खड्डा पडतो. म्हणून तो माणूस भेगेतलं गवत उपटून, माती उडवून, आतली ओल सुकवून मग गरम रबरी डांबर ओतणार आहे. वसंतापर्यंत थांबू म्हणाल, पण तोवर ती भेग थांबायची नाही.

आता जे सांगायला नको वाटतंय ते. माझं पाऊलही बुजवायला सांगितलंय.

तुम्हाला आवडणार नाही. डांबर नवीन, अजून गरम असताना मी सँडलसकट त्यात उडी मारली होती. आई ओरडत धावली, आणि तुम्ही रोलरवाल्याला म्हणालात, "तेवढं राहू दे." टाचेची ती खूण अजून आहे, पट्ट्याच्या बकलासकट. पण आता तिच्याभोवतीचं सगळं खचलंय, ताटाएवढा खळगा झालाय. पन्हळीचं पाणी तिथेच साचतं, तिथेच गोठतं, आणि बाबा, तुम्ही घसरलात तेही तिथेच. माझ्या पावलावरून तुम्ही पडावं, हे मला सहन होत नाही. आई, शुक्रवारी ऊन तिरपं असेल तेव्हा त्याचा फोटो काढ, खूण नीट उठून दिसेल. बाबांना सांगू नकोस की मी सांगितलंय.

पन्हळीच्या पाइपला लांब नळी जोडून पाणी बागेकडे वळवायलाही मी त्यालाच सांगितलंय. बाबा, शिडीवर चढायचं नाही. धरायला आई उभी असली तरी नाही. गाडीखालचा तेलाचा डाग मात्र तुमच्यावर सोपवते. साबणाच्या पाण्याने घासून काढा, तेलाने डांबर मऊ पडतं. पानं रोज थोडी थोडी झाडा, कुजलेल्या पानांखाली ओल धरून राहते.

बर्फ काढायलाही माणूस ठरवलाय. हो, तेही. त्याच्या यंत्राला कडा कळाव्यात म्हणून जमीन कडक व्हायच्या आत दोन्ही बाजूंना काठ्या रोवून ठेवा. तुमचं लोखंडी फावडं मी गॅरेजच्या मागे टाकलंय. त्याने डांबर खरवडतं, आणि तुमची पाठही. दाराशी प्लास्टिकच्या धारेचं हलकं फावडं ठेवलंय, ते फक्त पायरीपुरतं. मीठ मूठभरच टाका. उणे नऊच्या खाली थंडी गेली की साध्या मिठाने फारसं काही होत नाही, तेव्हा वाळू टाका, निदान पाय तरी धरेल. वाळूची बादली दाराच्या आतच ठेवलीय, आईला वाकावं लागू नये म्हणून स्टुलावर.

बाबा, तुमच्याच्याने होत नाही असं मी म्हणत नाहीये. होतं. मला इकडे झोप लागत नाही, एवढंच. शाळेला जायच्या आधी पहाटे तुम्ही बर्फात माझ्यापुरती वाट काढायचात, अगदी माझ्या रुंदीची, आणि मी दोन्ही हात पसरून भिंतींना लावत जायचे. मोजे ओले व्हायचे, तुम्ही गॅरेजमध्ये बदलायला लावायचात.

शुक्रवारी संध्याकाळीच गाडी रस्त्यावर लावा आणि किल्ली आईकडे द्या, नाहीतर ओल्या भरावावरून "जरासंच" म्हणत पुढे घ्याल. शनिवारी त्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून शिकवू नका. राहवलंच नाही तर खुर्ची घेऊन बसा. टोपी घालून.

तुमची,
छोटी