ठाणे-वाशी लोकलमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोपरखैरणेला उतरता एवढंच ठाऊक, म्हणून हे जाहीर पत्र.

जुलैतली सकाळ. ठाण्याहून सुटलेल्या गाडीत लेडीज डब्यात मी मांडीवर लॅपटॉप घेऊन रडवेली बसले होते. सोसायटीसाठी पावसाचा अंदाज दाखवणारं छोटं पान मी पायथनमध्ये केलं होतं. पाऊस वाढला तसे लोक ते सारखं उघडायला लागले. दर वेळी हवामानाच्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) नवी रिक्वेस्ट, म्हणजे मागणी. शेवटी तिकडून ४२९ हा चुकीचा कोड आला: फार झालं, आता थांबा. तुम्ही डोकावून एवढंच विचारलंत, "अंदाज तिकडे तरी किती वेळाने बदलतो गं?" तासाने. आणि मी तो मिनिटामिनिटाला मागत होते.

कोड तुम्ही लिहून दिला नाहीत, ते बरंच केलंत. "सगळ्या रिक्वेस्ट एकाच क्लासमधून जाऊ देत. उत्तर नेटवरून आलं की साठ्यातून, हे बाकीच्या कोडला कळायचं कारणच नाही." क्लासने, म्हणजे कोडच्या त्या एका भागाने, आधी साठा (जपून ठेवलेली जुनी उत्तरं) बघायचा. उत्तरासोबत कॅशे-कंट्रोल नावाचा हेडर, म्हणजे एक टीप, येतो; त्यातल्या मॅक्स-एजप्रमाणे (किती वेळ ताजं मानायचं तो आकडा) उत्तर ताजं असेल तर तेच द्यायचं. मुदत संपली असेल तर जुन्या उत्तराचा ईटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण, इफ-नन-मॅच हेडरमधून पाठवायचा. काही बदललं नसेल तर सर्व्हर नुसता ३०४ (बदल नाही) हा कोड कळवतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही, आणि जुनंच उत्तर परत ताजं होतं. घणसोलीपर्यंत एवढं सगळं!

रात्री मी दोन घोळ घातलेच. साठ्यातलं उत्तर ज्या खुणेने शोधायचं ती 'की' (key) नुसत्या यूआरएलवरून केली, पॅरामीटर (कुठल्या ठिकाणचा अंदाज हवा ते) विसरले. बेलापूरच्या मावशीला दिवसभर ठाण्याचा पाऊस दिसत होता. बिचारी कडक उन्हात छत्री घेऊन फिरली. दुसरा घोळ मोठा. ४२९ चं उत्तरही मी साठवून ठेवलं. तिकडची सेवा पूर्ववत झाली तरी आमचं पान तासभर रुसलेलंच. तेव्हा कुठे तुमचं उतरता उतरताचं वाक्य उलगडलं, "आणि चुका साठवू नकोस." मला वाटलं होतं, ते आयुष्याबद्दल आहे.

आता क्लास नीट चालतोय, मनापासून आभार. एकच अडलंय. मुदत संपल्या संपल्या दहा जणांनी पान उघडलं तर दहाही रिक्वेस्ट बाहेर पळतात. लॉक लावावं म्हणतेय: एकीने जाऊन आणावं, बाकीच्यांनी थांबावं. बरोबर आहे ना? त्याच डब्यात तुमच्यासाठी खिडकी धरून ठेवते.

तुमची,
ठाण्याची सहप्रवासी