३१ मेच्या शपथेनंतरचे ६१ दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन आणि दुसऱ्याच दिवशी मासेमारी बंदी सुरू. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगडच्या यांत्रिक नौका ३१ जुलैपर्यंत किनाऱ्याला लागलेल्या असतात. विडी सोडवायला किनारपट्टीला याहून चांगले दोन महिने मिळत नाहीत आणि आरोग्य यंत्रणा ते दरवर्षी वाया घालवते. रॅली निघते, शपथ होते, फोटो येतो. खलाशाच्या हातात काहीच पडत नाही.

विडी बंद केल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. हे आठवडे, आजूबाजूला सगळे विडी ओढत असताना, रात्रीच्या जाळ्यावर काढणं फार कठीण. घरी जाळी विणत बसलेल्याला ते जमतं. तलफ भागवायला विडीऐवजी चघळायच्या निकोटिन च्युइंगमचा (गोळीचा) कोर्स १२ आठवड्यांचा: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गोळी, मग तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. १० जूनला सुरुवात केली तर सर्वांत अवघड टप्पा २१ जुलैच्या सुमारास संपतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत माणूस दिवसाला तीन-चार गोळ्यांवर आलेला असतो. तेवढ्या गोळ्या झाकणाच्या डबीत घालून बोटीवर सहज नेता येतात.

हिशेब केला तर माणशी पाचशेच्या वर गोळ्या लागतात. दहाचं पाकीट दिलं तर दुसऱ्या दिवशी संपतं, तिसऱ्या दिवशी विडी पेटते आणि ‘औषधाचा गुण आला नाही’ हे गावभर होतं. निकोटिनच्या गोळ्या २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांची मागणी एप्रिलमध्येच, माणसं मोजून, गेली पाहिजे.

मात्रा ठरवायला एक प्रश्न पुरतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागते का? हो असेल तर ४ मिलिग्रॅम, नसेल तर २. विडी लहान म्हणून कमी मात्रा देऊ नये; तिच्यातून निकोटिन सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ चावण्यात होतो. साध्या च्युइंगमसारखी भराभर चावली की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, घसा जळजळतो आणि गोळी थुंकली जाते. ती सावकाश चावायची, तोंडात तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. असं अर्धा तास. गोळीआधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आपल्याकडे हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तलफ जेवणानंतर जोरात येते आणि जेवणाचा शेवट सोलकढीने होतो. आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलंच जात नाही. सोलकढी, कोकम सरबत, ताक, चहा यांपैकी काही घेतलं तर चूळ भरून पंधरा मिनिटं थांबावं. तलफेचा जोर बहुतेकदा पाच-दहा मिनिटांत ओसरतो, तेवढा वेळ अंगणात फेऱ्या माराव्यात.

चहाही पहिल्या दिवसापासून निम्म्यावर आणावा. धुरामुळे शरीर कॅफिन लवकर निकाली काढतं. धूर थांबला की तोच चहा जास्त चढतो, झोप उडते, हात थरथरतात आणि दोष विडी सोडण्याला दिला जातो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये. कवळी असेल तर गोळी चिकटते. कवळीवाल्यांसाठी त्वचेवर लावायचा निकोटिनचा पॅच आहे, पण तो आपल्या घामट हवेत सुटतो, म्हणून कोरड्या, केस नसलेल्या दंडावर दाबून लावावा आणि रोज जागा बदलावी.

विडी सुटली आणि गायछाप धरली किंवा घरातल्या मिशरीला बोट लागलं, तर त्याला यश म्हणू नये. नोंदवहीत विडीबरोबर तंबाखू आणि मिशरीचाही रकाना हवा.

१८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन पाकिटावर छापलेली असते. पण राज्यात सुट्ट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी असूनही जेटीजवळ त्या सुट्ट्याच मिळतात, आणि सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही. हा नंबर मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर आणि बर्फाच्या कारखान्यावर रंगवावा. समुपदेशक पुन्हा फोन करतात, समुद्रात मात्र रेंज नसते. म्हणून ऑगस्टनंतरची चौकशी आरोग्य सेवकाने बोट धक्क्याला लागेल त्या दिवशीच करावी.

नेपाळी खलाशी बंदीत गावी जातात, त्यांना या मोहिमेचा फायदा मिळणार नाही. त्यांच्यासाठी तांडेलांशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांशी, बोलावं लागेल. निदान केबिनमध्ये आणि इंजिनाजवळ विडी बंद, आणि ज्याला सोडायची आहे त्याला हंगामाच्या पहिल्या फेरीआधी गोळ्या. सोसायट्यांनी मे महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, रत्नागिरी